सॅकमध्ये मावेल एवढा कॉम्प्युटर

२ एप्रिल, बुधवार

डॉक्टरबाईंनी रोज लिहायला सांगितलं होतं. काय लिहू, असं विचारलं तर म्हणाल्या, दिवसभरात जे झालं ते. वही आणून ठेवली त्याला बरेच दिवस झाले. लिहिण्यासारखं काही होत नव्हतं.

आज झालं. कॉम्प्युटर बंद पडला.

दुपारी क्लासच्या सरांच्या रसायनशास्त्राच्या तासाचा व्हिडिओ कापत बसले होते, हेच माझं घरबसल्या काम. लाईट गेली, आली, परत गेली. नंतर बटण दाबलं तर पंखा एकदा फिरला आणि थांबला. जळक्या प्लॅस्टिकचा वास. उघडून पाहिलं. मदरबोर्डवर दोन ठिकाणी काळं पडलंय. पॉलिटेक्निकला शिकले त्यातलं एवढं अजून कळतं. बोर्ड गेला.

माझा नवरा सुदर्शन वाळूजच्या कंपनीतून आल्यावर त्याला सांगितलं. म्हणाला, "नवा घे. घेतेच आहेस तर मोठा घे, पुढं वाढवता येईल असा." सासूबाई म्हणाल्या, "आन् टेबल त्या खोलीत टाक. हॉलमदी तुझ्या कामाला माणसांचा तरास होतो."

त्या खोलीत. डिसेंबरपर्यंत सगळे तिला बाळाची खोली म्हणत होते. जानेवारीत, आठव्या महिन्यात, आमची मुलगी जन्मायच्या आधीच गेली. तेव्हापासून ती खोली 'ती खोली' झाली आहे.

लिहिलं. झालं.

५ एप्रिल, शनिवार

सरांना आठ दिवस मागितले. मोबाईलवर दिवसभर कॅबिनेटं पाहिली, म्हणजे कॉम्प्युटरच्या बाहेरच्या पेट्या. वेळ चांगला जातो.

बोर्डाचे मुख्य आकार तीन. मोठा एटीएक्स, फूटभर उंच. मधला मायक्रो एटीएक्स, चौकोनी. आणि सगळ्यात लहान मिनी आयटीएक्स, सतरा सेंटीमीटर बाय सतरा. टेबलावर हात पसरून मोजलं. माझ्या वितीत मावतो.

लहान बोर्डावर रॅमच्या दोनच जागा, जास्तीचं कार्ड लावायचं तर एकच. पुढं काही वाढवायचं म्हटलं तर वाव नाही. मोठ्या कॅबिनेटमध्ये लहान बोर्ड बसतो. लहान कॅबिनेटमध्ये मोठा बसत नाही. म्हणून शहाणं माणूस मोठं कॅबिनेट घेतं.

मला लहान हवा आहे.

जुनं कॅबिनेट टेबलाखाली असतं, जागेची काही अडचण नाही. तरी टेप घेऊन टेबल मोजलं. मग कपाटावरची निळी सॅक काढून तीही मोजली. हाताशी होती म्हणून.

सुदर्शननं पाहिलं. "सॅक कशाला मोजतीस?"

"दुकानातून आणायला."

"रिक्षानं येणार ना?"

"हो."

तो अंघोळीला गेला.

८ एप्रिल, मंगळवार

पैठण गेटजवळ मोईनभाईंच्या दुकानात गेले. जुना कॉम्प्युटर त्यांच्याकडूनच घेतला होता. ओळखलं त्यांनी. माझ्या पोटाकडे पाहिलं, मग लगेच दुसरीकडे. ऑक्टोबरमध्ये माउस घ्यायला गेले होते तेव्हा त्यांनी स्टूल आणून दिलं होतं. आज काही विचारलं नाही. स्टूल मात्र दिलं.

लाल-निळे दिवे लागणारी मोठमोठी कॅबिनेटं दाखवली. मी म्हटलं, लहान. त्यांनी मधलं दाखवलं. मी म्हटलं, याहून लहान. मोबाईलवरचा फोटो दाखवला. चारी बाजूंनी जाळी आहे, वर धरायला पट्टा आहे.

"ये तो डब्बा है ताई," ते म्हणाले. "इसमें आयटीएक्स के सिवा कुछ नै बैठता. पॉवर सप्लाय भी छोटा लगता. मंगाना पडता सब. और अपने इधर का उन्हाळा देखो, तंदूर हो जाएगा."

"जाळी आहे ना. आणि वेगळं ग्राफिक कार्ड नको मला."

"बोर्ड कौनसा लेना, सोचा?"

"आधी कॅबिनेट. बोर्ड नंतर बघू."

ते हसले. "लोगां पहले सामान देखते, फिर घर देखते. आप घर पहले देख रहे."

कॅबिनेट मागवायला सांगून आले. घरी सासूबाईंनी विचारलं, "आणला का?" म्हटलं, आठवडा लागेल. त्यांनी चहा ठेवला. बशीत दोन पारलेची बिस्किटं ठेवलेली होती. एक खाल्लं.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. सकाळपासून आमच्या भावसिंगपुऱ्यात डीजे. खिडकीच्या काचा थरथरत होत्या. सासूबाईंनी माझी पांढरी साडी इस्त्री करून पलंगावर ठेवली होती. मी मेणबत्त्या लावल्या, वंदना घेतली. पाठ आहे म्हणून झाली.

"चल की," सासूबाई म्हणाल्या. "विहारापत्तुर तरी. माणसात आलं म्हंजी बरं वाटतं."

"पुढच्या वर्षी येईन."

त्या दारात उभ्या राहिल्या. मग सुदर्शनसोबत गेल्या. साडी घडी करून परत ठेवली.

सगळी वस्ती बाहेर होती. मी प्रोसेसरवरच्या कूलरची उंची वाचत बसले. लहान कॅबिनेटमध्ये बुटका कूलर लागतो, नाही तर बाजूचं झाकण लागत नाही. पुष्कळ लोक इथंच चुकतात म्हणे. सगळं जोडून झाल्यावर त्यांच्या लक्षात येतं.

संध्याकाळी सुदर्शन आला तर कपाळाला निळा गुलाल. माझ्याही कपाळाला लावायला हात पुढं केला. मी मागं सरले नाही, पण त्यानंच हात खाली घेतला. त्याला काय वाटलं कोण जाणे.

१७ एप्रिल, गुरुवार

कॅबिनेट आलं. आणायला गेले. आयटीएक्स बोर्ड पसंत करून सांगून आले, यायला चार-पाच दिवस. मोईनभाईंनी कॅबिनेट हातात देताना म्हटलं, "हलका है." खरंच हलकं आहे. पट्ट्याला धरून रिक्षात मांडीवर ठेवलं.

घरी आले तर त्या खोलीचं दार उघडं. पाळणा नाही. भिंतीजवळच्या दोन पिशव्या नाहीत. फरशी पुसलेली, ओली.

सासूबाई स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"पाळणा?" मी विचारलं.

"दिला. भावकीत सून हाय एक, सातवा लागलाय तिला. कपडे बी दिले. नवेच व्हते, वापरलेले नव्हते." मग म्हणाल्या, "मी आत गेले नाय. शेजारनीला सांगितलं काढायला. रिकामं झालं ना आता? तुझं टेबल बसंल."

"बरं."

"रागावलीस?"

"नाही."

खरंच राग आला नव्हता. काहीच आलं नाही. रात्री शिरा केला होता त्यांनी, मला आवडतो तसा, केळं घालून. मी खाल्ला. त्यांनी नाही खाल्ला.

टेबल हॉलमध्येच आहे. कॅबिनेट पलंगाखाली ठेवलं.

१८ एप्रिल, शुक्रवार

नळाला पाणी आलं. ड्रम भरले.

२१ एप्रिल, सोमवार

सुदर्शन फर्स्ट शिफ्ट करून आला तेव्हा हातात मोठा खोका. चेहरा वेगळाच. जानेवारीपासून असा पाहिला नव्हता. खोका टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "उघड."

मदरबोर्ड. प्रोसेसर आणि रॅमसकट. त्याच्यासोबत काम करणाऱ्या बिभीषणनं पोरासाठी घेतला होता, पोराला लॅपटॉप पाहिजे झाला, म्हणून पडून होता. चांगल्यातला, भारी बोर्ड.

एटीएक्स. फूटभर.

"बसत नाही," मी म्हटलं.

"काय बसत नाही?"

पलंगाखालचं कॅबिनेट काढून दाखवलं. बोर्ड वर धरला. अर्धा बाहेर.

"मग कॅबिनेट बदल. परत घेतील ते."

"बोर्ड मागवलाय मी."

"मागवलाय ना, आला तर नाही. नको म्हण. प्रेरणा, हा किती चांगला आहे बघ की. मोठ्यात सगळं बसतं."

"मला मोठं नको."

"का नको?"

"नको."

"अगं पण कारण?"

कारण मी शोधलं. सापडलं नाही. म्हटलं, "मोजून आणायचं होतंस."

तो बोर्ड परत खोक्यात ठेवू लागला. मग हळू म्हणाला, "मी आणलेलं काहीच नको तुला. बोललेलं नको. हात नको." पुढं आणखी काही म्हणणार होता, पण सासूबाई आल्या.

लग्नाला सहा वर्षं झाली, त्याला असं सरळ नको कधी म्हटलं नव्हतं. म्हणजे जानेवारीच्या आधी कारण नव्हतं. आणि नंतर त्यानं काही विचारलंच नाही. दवाखान्यातून घरी आल्यापासून आम्ही गॅस, पाणी, लाईट, डबा एवढंच बोलतो. नीट बोलतो. भांडण नाही.

२२ एप्रिल, मंगळवार

आजपासून त्याची सेकंड शिफ्ट. दुपारी निघाला, डबा ओट्यावरच राहिला. तो गाडी काढत होता तेव्हाच मला दिसला. हाक मारता आली असती. मारली नाही. का, ते कळत नाही. वाईट वाटलं असं लिहायला पाहिजे, पण वाटलं नाही.

२३ एप्रिल, बुधवार

मोईनभाईंकडे गेले. मोठा बोर्ड सोबत नेला. त्यांनी मधला तोडगा काढला. हा बोर्ड ते विकून देतील. त्याऐवजी मायक्रो एटीएक्स घ्यायचा आणि कॅबिनेट थोडं मोठं. रॅमला चार जागा, हवा खेळती. "दोनों की बात रह जाती," म्हणाले. दोघं कोण, ते मी सांगितलं नव्हतं.

पटण्यासारखं होतं. ते कॅबिनेट टेबलावरही बसलं असतं. मी सॅक नेली होती. त्यात घालून पाहिलं. चेन लागत नव्हती.

नको म्हटलं.

त्यांनी एक बरं सांगितलं. बिभीषणच्या बोर्डावरचा प्रोसेसर आणि रॅम माझ्या लहान बोर्डाला चालतात. म्हणजे ते ठेवायचे, मोठा बोर्ड तेवढा जाईल. हे सुदर्शनला सांगायला पाहिजे.

टेबलाचा प्रश्न नव्हताच. मग कशाचा होता, ते उद्या लिहीन.

२६ एप्रिल, शनिवार

बोर्ड आला. आज जोडला.

हॉलमध्ये सतरंजी टाकून बसले. सासूबाई समोर पाय पसरून बघत होत्या. प्रोसेसर बसवला, सुदर्शननं आणलेला. रॅम बसवली. बोर्ड आत सरकवला तर मिलिमीटरचाही फरक नाही, जसा मापानं शिवलेला. चार स्क्रू. वायरी मात्र हात आत जात नाही म्हणून चिमट्यानं लावाव्या लागल्या. एक वायर तीनदा काढली.

कूलर मी पाहून बुटका घेतला होता. झाकण लावलं, लागलं.

सासूबाई म्हणाल्या, "येवढुशात सगळं मावलं? काळीज, फुफ्फुस, समदं?"

"हो. सगळं असतं यात."

त्या एकदम उठून आत गेल्या. कुकर लावलेला नव्हता, दूधही ठेवलेलं नव्हतं. नळ सोडल्याचा आवाज आला. बराच वेळ येत होता. पाणी वाया घालवणाऱ्या बाई नाहीत त्या.

बटण दाबलं. पहिल्याच फटक्यात सुरू झाला. आवाज जवळजवळ नाही. हात वर धरला तर थोडी कोमट हवा येते. मी बराच वेळ हात तसाच धरून बसले.

आनंद व्हायला पाहिजे होता. काम चांगलं झालं, एवढं वाटलं.

सुदर्शनला प्रोसेसरचं सांगायचं राहिलं.

२९ एप्रिल, मंगळवार

गंगापूरला आले. मोठ्या बहिणीकडे, सुलेखाताईकडे. आठ दिवस म्हणून.

सकाळी सुदर्शन घरीच होता. मी सॅकमध्ये आधी टॉवेल घातला, मग कॉम्प्युटर, त्याच्या बाजूनं दोन ड्रेस, कीबोर्ड, वायरी. चेन लागली. तो दारात उभा राहून बघत होता.

"मॉनिटर?"

"ताईकडे टीव्ही आहे. त्याला जोडता येतो."

"सगळं मावलं?"

"हो."

"म्हणून लहान पाहिजे होता?"

"नाही," मी म्हटलं.

खोटं नव्हतं. तेव्हा मला ते खरंच माहीत नव्हतं. आता इथं ताईच्या ओसरीवर बसून मागची पानं वाचली. सॅक दोनदा मोजलेली आहे. वाचणारं दुसरं कुणी असतं तर त्याला आधीच कळलं असतं.

रिक्षापर्यंत सॅक त्यानंच उचलली. सासूबाईंनी डबा दिला, पाण्याची बाटली दिली. म्हणाल्या, "उन्हात हिंडू नको." एसटीत कंडक्टर म्हणाला, बॅग वर टाका. मी मांडीवरच धरली. पुढच्या सीटवरच्या बाईनं विचारलं, काय हाय त्यात एवढं जपून न्यायला? म्हटलं, काम आहे माझं.

३ मे, शनिवार

ताई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. सुट्टी लागलीय. भावजी टीव्हीवरच्या बातम्यांवाचून राहतात, तक्रार करत नाहीत. सरांचे तुंबलेले तास कापून पाठवले. सर म्हणाले, आता लवकर येतंय की काम.

ताई काही विचारत नाही. दुपारी डोक्याला तेल लावून देते. काल तेल लावता लावता तिच्या पायांशीच झोपले, ते दिवे लागल्यावर जाग आली. उशीच्या जागी तिचं पातळ होतं, ओलं झालेलं. तेलाचं असेल.

७ मे, बुधवार

आठ दिवस झाले. सासूबाईंचा फोन. "कधी येतीस?"

"बघते."

"बरं." मग म्हणाल्या, "ये म्हनत नाय मी. जेवतीस का?"

"हो."

"पाळणा द्यायच्या आदी तुला पुसायला पायजे व्हतं."

मी फोन कानालाच धरून ठेवला. त्यांनीही फोन ठेवला नाही. पाठीमागं घरातल्या पंख्याचा आवाज येत होता. मग त्याच म्हणाल्या, "ठिवते."

ताईला म्हटलं, आणखी थोडे दिवस राहू का? ती भाकरी थापत होती. म्हणाली, "विचारतीस काय?"

१२ मे, सोमवार

बुद्ध पौर्णिमा. ताईनं खिरीचं मोठं पातेलं ठेवलं होतं विहारात न्यायला. बाराच्या सुमाराला दारात गाडी थांबली. सुदर्शन. उन्हानं तोंड लाल झालेलं. भावजींना जय भीम घातला, ताईनं पाणी दिलं. जेवला. नीट जेवला, दोनदा खीर घेतली. मग ताई आणि भावजी पातेलं घेऊन विहारात गेले. ताईनं जाताना दार पुढं ओढून घेतलं.

टीव्हीवर माझं काम उघडं होतं. सरांचा चेहरा फळ्यासमोर तोंड उघडून थांबलेला. सुदर्शन तिकडेच बघत बसला.

"गरम होतो का?"

"नाही."

"प्रोसेसर बिभीषणवालाच आहे ना? मोईनभाईंनी सांगितलं. मी गेलो होतो बोर्डाचं विचारायला."

"सांगायचं राहिलं मला."

"असू दे."

बाहेर कुणीतरी पोरांना उन्हातून घरात बोलावत होतं. मी काम बंद करायला उठले तर तो म्हणाला, "बस ना जरा. चल घरी असं म्हणायला नाय आलो मी."

बसले.

तो हेल्मेटचा पट्टा बोटाला गुंडाळत होता. सोडत होता, परत गुंडाळत होता. खाली बघूनच म्हणाला, "तिला मी घेतलं होतं."

मला आधी कळलंच नाही, कुणाला.

"तू भुलीत होतीस. नर्सनं विचारलं, बघायचंय का. आई म्हणाली, नको रे, बघू नये. मी म्हटलं, द्या. दुपट्यात गुंडाळून दिली. मी घेऊन उभा होतो, बराच वेळ. मग त्यांनी विचारलं, तिच्या आईला दाखवायचं का, शुद्धीवर आल्यावर. तेवढा वेळ ठेवता येईल म्हणाले." त्यानं पट्टा सोडला. "मी नको म्हटलं. मीच. मला वाटलं, नाय बघितलं तर तुला सोपं जाईल. रोज वाटतं सांगावं. तू माझ्याकडं बघतच नाहीस, मग कुठून सुरू करू?"

चार महिने मला वाटत होतं, हे डॉक्टरांनी ठरवलं. मग वाटायचं, सासूबाईंनी. विचारायची हिंमत झाली नव्हती. हा शेजारी झोपत होता. रोज डबा घेऊन जात होता. त्याला माहीत होतं ती कशी होती, आणि मला नव्हतं.

मी म्हटलं, "तुला कुणी सांगितलं मला सोपं जाईल म्हणून?"

"कुणी नाय."

"मी आई होते तिची."

"व्हय."

माझा आवाज एवढा मोठा झाला होता की बाहेरचं बोलणं थांबलं. मी आणखी बरंच बोलले. काय बोलले, ते इथं लिहिता येणार नाही, सगळं आठवतही नाही. हातानं त्याच्या खांद्यावर मारलं, एवढं आठवतं, कारण आत्ता तळहात दुखतोय. तो हलला नाही. त्याच्या डोळ्यांतलं पाणी हनुवटीपर्यंत आलं होतं आणि तो पुसत नव्हता.

मग मी दमले. भिंतीला टेकून बसले. कॉम्प्युटरच्या कूलरची बारीक घरघर तेवढी ऐकू येत होती.

मी विचारलं, "केस होते का तिला?"

"लई. काळेभोर. कानावर आले होते."

"नाक?"

"आईसारखं." तो म्हणाला. "बसकं."

मला हसू आलं. आवाज करून आलं, आणि त्याच आवाजात रडू आलं. दोन्ही एकदम. जानेवारीपासून मी रडले नव्हते, तेव्हा दवाखान्यात सगळे रड म्हणत होते तरी. आता थांबत नव्हतं. तो जवळ आला नाही. बरं झालं. पाण्याचा तांब्या सरकवला फक्त.

ऊन कललं तसा तो उठला. उद्या फर्स्ट शिफ्ट आहे, अंधाराच्या आत पोचायला पाहिजे म्हणाला. मी कधी येणार, येणार की नाही, काही विचारलं नाही. चपला घातल्या. हेल्मेट उचललं.

मी त्याच्या हातातून हेल्मेट घेतलं आणि पलंगावर ठेवलं.

"शिफ्ट बदलून घे," मी म्हटलं. "बस. पहिल्यापासून सांग. नर्सनं दार उघडलं तिथून."

त्यानं चपला काढल्या.